परक्या गावचा भाव

पडघान मॅडम हजेरी तासाच्या मध्येच घ्यायच्या. फळ्यावर आकृती अर्धी काढून झालेली असायची, खडू हातात तसाच, आणि त्या एकदम थांबून दाराकडे बघायच्या. रिठदकडची गाडी आलेली असायची. चपला वाजवत, पिशव्या सावरत उशिराची मुलं आत शिरायची, मागच्या बाकांवर दाटीवाटीनं बसायची, आणि मग हजेरीपट उघडायचा. घाई असायची, कारण केनवडची मुलं थोड्याच वेळात उठणार असायची. त्यांची परतीची गाडी तास संपायच्या आधी सुटते. ती चुकली की दुपार जाते.

"सगळे एका वेळी वर्गात असतात तेवढाच माझा तास," मॅडम म्हणायच्या. "बाकीचा वेळ मी जागा धरून ठेवते."

आमचं कॉलेज तालुक्याच्या गावचं. मी तिथला ग्रंथपाल. वाचनालयाचं दार आणि मॅडमच्या वर्गाचं दार समोरासमोर, मध्ये फक्त व्हरांडा. त्यामुळे इतकी वर्षं पुस्तकं लावता लावता मी त्यांचे तास ऐकत आलो. तासाची त्यांनी वाटणीच करून टाकली होती. सुरुवातीला मागच्या तासाची उजळणी, कारण रिठदच्या मुलांनी ती चुकवली तरी फारसं बिघडत नाही. शेवटी उदाहरणं, कारण ती केनवडची मुलं घरी सोडवू शकतात. नवीन, अवघड, परीक्षेला हमखास येणारं सगळं मधल्या भागात. तो भाग इतका घट्ट असायचा की त्यात त्या घोटभर पाणीसुद्धा प्यायच्या नाहीत.

यंदा मे महिन्यात मॅडम गेल्या. काविळीचं निमित्त झालं. सुट्टी असल्यामुळे आमच्यातल्या अनेकांना उशिरा कळलं. माझ्या भावाच्या कापडाच्या दुकानात एक गिऱ्हाईक बोलता बोलता सांगून गेलं, आणि भावानं मला फोन केला. तेव्हापासून त्यांच्याबद्दल लिहावं असं मनात आहे. लिहायला बसलो की आठवतं ते त्यांचं दाराकडे बघणं.

एकदा बाहेरगावची समिती कॉलेजची पाहणी करायला आली होती. त्यातल्या एका गृहस्थांनी मॅडमना विचारलं, "हजेरी मध्येच का घेता? ही कुठली पद्धत?"

मॅडम म्हणाल्या, "सर, पंगतीत तुम्ही वाढायला कधी घेता? पानं मांडली की, का माणसं बसली की?"

समिती हसली. पण दुसरे एक सदस्य हसता हसता म्हणाले, "म्हणजे वेळेवर येऊन बसलेल्यांना तुम्ही उपाशीच ठेवता तर."

संपलं. समिती गेली, तिचा अहवाल आला, त्यात याचा उल्लेखही नव्हता. मॅडमच्या डोक्यातून मात्र ते जाईना. मधल्या सुट्टीत वाचनालयात यायच्या आणि माझ्या टेबलासमोर उभ्या राहून विचारायच्या, "खरंच अन्याय होतो का हो सर? गावातली पोट्टी वेळेवर येतात बिचारी. त्यांना मी नुसती उजळणी देते." मी म्हणायचो, नाही होत. त्या म्हणायच्या, "तुम्ही मला बरं वाटावं म्हणून म्हणता." पुढं त्यांनी गावातल्या मुलांसाठी उजळणीच्या वेळात वर्तमानपत्रातल्या बाजारभावांवर चर्चा सुरू केली. ती इतकी रंगायची की आता रिठदची मुलं तक्रार करू लागली, आमची ती चुकते म्हणून. मॅडमना नवीन काळजी मिळाली.

काळजी हा त्यांचा उद्योगच होता म्हणा ना. शिंगाड्याच्या रंगाची साडी, खांद्यावर दोन पिना, हातात स्टीलची साबणाची डबी. डबीत खडू. कॉलेजचे खडू तुटतात म्हणून स्वतःचे आणायच्या. चहा नेहमी अर्धा प्यायच्या आणि कप ठेवून उठायच्या, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. परीक्षेच्या दिवशी त्यांच्या पर्समध्ये पेन, पट्ट्या आणि बिस्किटाचे पुडे असायचे. वर्गाच्या मोबाइलच्या ग्रुपवर संध्याकाळी त्यांचा एकच निरोप असायचा, पोचल्यावर कळवा. मुलं त्यांना मागून 'कंट्रोलर मॅडम' म्हणायची, बसस्थानकावरच्या कंट्रोलरवरून. मॅडमना ते ठाऊक होतं. एकदा एका मुलाला त्यांनी विचारलं, "काय रे, कंट्रोलरनं आज तुझी गाडी लावली नाही वाटते? कुठं होता तीन दिवस?" पोरगा जीभ चावून खाली बसला.

त्या कादंबऱ्या वाचायच्या, पण माझ्याकडून आधी हमी घेऊन. "सर, यात कुणी मरतं का?" मी हो म्हटलं की पुस्तक परत कपाटात. मी एकदा खोटं बोललो. एक फार सुंदर कादंबरी होती आणि ती त्यांनी वाचावी असं मला वाटत होतं. आठवड्यानं त्यांनी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "चांगली आहे. पण तुमच्यावर आता विश्वास नाही." पुढं कित्येक दिवस त्या शेवटचं पान आधी वाचून मगच नाव नोंदवायच्या.

घाबरट मात्र त्या नव्हत्या. एकदा सभेत आमचे प्राचार्य म्हणाले, "अर्थशास्त्र विभागाला एक नवा संगणक मिळावा अशी माझी फार इच्छा आहे." मॅडम जागेवरूनच म्हणाल्या, "सर, नुसत्या इच्छेला मागणी म्हणत नाहीत. आम्ही पहिल्या वर्षालाच शिकवतो." सगळे हसले, प्राचार्यही हसले. आणि सभा संपल्यावर मॅडम मला व्हरांड्यात गाठून विचारत होत्या, "जास्त बोलले का हो मी?"

आता एका प्रकल्पाबद्दल सांगतो. मॅडम म्हटलं की मला हाही प्रसंग आठवतो.

नव्या अभ्यासक्रमात शेवटच्या वर्षाला प्रत्यक्ष पाहणीचा प्रकल्प आला. त्यावर तोंडी परीक्षा, ती घ्यायला बाहेरचे परीक्षक. तोंडी दिली नाही तर विषय राहतो, आणि विषय राहिला तर पदवी राहते. झेरॉक्सच्या दुकानात असे प्रकल्प तयार मिळतात, नाव तेवढं बदलायचं. मॅडमनी ते पहिल्याच दिवशी बंद केलं. सोपा विषय दिला. प्रत्येकानं आपल्या गावच्या आठवडी बाजारात जायचं, ठरलेल्या चार-पाच भाज्यांचे भाव विचारायचे, एकदा बाजार भरताना आणि एकदा उठताना. बस.

मुलांनी आणलेले तक्ते मॅडम वाचनालयात बसून तपासत होत्या. तपासता तपासता थांबल्या. पुन्हा पहिल्यापासून बघू लागल्या. मग मला हाक मारली.

"सर, बाजारात सांभाराचा भाव शून्य कसा असेल?"

आमच्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात. जवळजवळ सगळ्यांनी सांभाराचा भाव शून्य लिहिला होता. टमाट्याचे, वांग्याचे भावही मातीमोल. आणि सकाळ-संध्याकाळ सारखेच.

मॅडमनी दुसऱ्या दिवशी तासाच्या मधल्या भागातच विषय काढला. पल्लवी नावाची एक मुलगी होती, रिठदची. हुशार, बोलकी, पहिल्या बाकावर जागा मिळाली नाही तर खिडकीशी बसणारी. तिला उभी केली.

"पल्लवी, सांभार फुकट मिळतो का तुमच्या गावात?"

"मले तं फुकटच देल्ला मॅडम. शेवंतामावशीनं तसाच पिशवीत कोंबला."

"भाव विचारला का तू?"

"इचारला ना! तं थे म्हने, कोनाची व तू? गजाननची ना? मंग भाव कायले इचारतं?"

वर्गात हशा फुटला. मागून एक मुलगा ओरडला, "मॅडम, माह्या मामानं तं म्हटलं, तुले वाटन थो आकडा लिही, मी कुठं नाही म्हनतो!" दुसरा म्हणाला, "आमच्या काकीनं वरून चहा पाजला!"

मॅडमही हसल्या. डोळे पुसले. आणि मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. मी दारातून पाहत होतो.

"म्हणजे अख्ख्या वर्गानं नात्यातला भाव लिहून आणला," त्या म्हणाल्या. "बाजाराचा भाव तुमच्यापैकी कुणाला कळलाच नाही. तुम्हाला कुणी सांगणारच नाही तो आपल्या गावात. परक्यालाच सांगतात."

मॅडमनी खडू डबीत ठेवला. "गावं बदलायची. रिठदच्यांनी केनवडच्या बाजारात जायचं. केनवडच्यांनी रिठदला."

ठरवायला सोपं होतं. त्यानंतरचे दिवस मॅडमनी कसे काढले ते मी पाहिलं आहे. प्रकल्प देण्याची तारीख विद्यापीठानं अलीकडे आणली होती, त्यामुळे बाजार एकच हाती होता. मुलगे मोटारसायकलींवर जाणार होते, त्यांची काळजी वेगळी. मुलींच्या घरी एकेक करून फोन लावायचे होते. ते त्या वाचनालयातून लावायच्या, शांतता असते म्हणून. पल्लवीच्या वडलांचा फोन मी माझ्या टेबलावरून ऐकला. फोन मोठ्या आवाजावर होता.

"तथी आमचं कोनी सोयरं नाही मॅडम. परक्या गावच्या बजारात पोरीचं काय काम?"

"सोयरे नाहीत म्हणूनच पाठवते आहे, भाऊ."

मग, "संध्याकाळी कोन आनन?"

मॅडमनी गाडी सांगितली, तालुक्याला किती वाजता येते ते सांगितलं, तिथं मी स्वतः उभी राहीन असं सांगितलं.

"तुमी म्हनता तं पाठोतो. तुमच्या भरवशावर. पन काही वाकडंतिकडं झालं मॅडम, तं कॉलेज बंद तिचं. आधीच सांगून ठेवतो."

फोन ठेवून मॅडमनी तळहात साडीला पुसले. "ऐकलंत ना?" मला म्हणाल्या. मी मान हलवली. त्यानंतर त्या रोज एकदा तरी म्हणायच्या, "त्या पोरीचं कॉलेज माझ्यावर आहे, सर."

बाजाराच्या दिवशी सगळं नीट सुरू झालं. केनवडहून पल्लवीचा दुपारी फोन आला, मॅडम, अथी सांभाराले भाव हाय! मॅडम इतक्या खूश झाल्या की त्यांनी चहा पूर्ण प्यायला. संध्याकाळी मी घरी निघालो तर त्या म्हणाल्या, "सर, स्टँडवर येता का माझ्याबरोबर? एकटीनं उभं राहायला बरं वाटत नाही."

स्टँडवर पल्लवीचे वडील आधीच येऊन थांबले होते. उंच, पांढरा शर्ट, मोटारसायकलला टेकून. त्यांनी नमस्कार केला. गाडीची वेळ झाली. वेळ टळली. मॅडम चौकशीच्या खिडकीशी गेल्या आणि परत आल्या.

"गाडी नाही, सर. पोहरादेवीला गेली."

रामनवमी जवळ आली होती. पोहरादेवीच्या यात्रेसाठी दरवर्षी या दिवसांत संध्याकाळच्या गाड्या तिकडे वळवतात. इथल्या शेंबड्या पोराला हे माहीत असतं. मॅडम तर इथंच जन्मलेल्या. गाड्यांचं सगळं वेळापत्रक त्यांना तोंडपाठ, आणि नेमकं हेच कसं सुटलं? मला वाटतं, ते दिवस त्यांनी फक्त भावांचा आणि भरवशाचा विचार करण्यात घालवले होते. यात्रा आहे हे त्यांच्या मनात आलंच नाही.

पल्लवीचा फोन आला. "मॅडम, गाडी नाही आली. थांब्यावर आता आमी तिघीच हाओत." मॅडम काही सांगायच्या आत फोन बंद पडला. पुन्हा लावला तर लागेना. मैत्रिणींचे नंबर लावले, तेही लागेनात. मी काळी-पिवळी जीप बघायला गेलो. एकही नव्हती. त्याही यात्रेला गेलेल्या.

उजेड उतरत चालला होता. पल्लवीच्या वडिलांनी मोटारसायकलची किल्ली बोटात अडकवली होती आणि ती फिरवत होते. मॅडम त्यांच्यापासून चार हात दूर रस्त्याकडे तोंड करून उभ्या होत्या. त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं देवाचं नाव घेत असतील. जवळ गेलो तर त्या गावांची नावं म्हणत होत्या, केनवडपासून इकडची, रस्त्यानं एकामागून एक.

"मी जातो," वडील म्हणाले आणि त्यांनी गाडीला किक मारली. तेवढ्यात समोरून एक मालाचा टेम्पो येऊन स्टँडच्या तोंडाशी थांबला. मागच्या हौद्यात रिकाम्या टोपल्या, कांद्याची पोती, आणि पोत्यांवर तीन मुली. त्यांच्याबरोबर एक भाजीवाली बाई. बाईनं फळी पाडली आणि मुलींना हात देऊन उतरवलं.

"कोनाच्या हायेत ह्या पोरी?" तिनं सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं. "गाडीच नोती माय. अंधार पडून राह्यला होता. म्या म्हटलं, चाला बसा."

पल्लवी हसत उतरली. केसात कांद्याची टरफलं. "मॅडम, सगळे भाव भेटले," ती म्हणाली, आणि तेव्हा तिला वडील दिसले.

स्टँडवर ओळखीची माणसं होतीच. पानठेल्यावरचे दोघं-तिघं वळून बघत होते. वडिलांनी मुलीकडे पाहिलंही नाही. मॅडमसमोर येऊन उभे राहिले.

"मॅडम, तुमच्या भरवशावर पाठोली होती मी पोरीले. मालाच्या गाडीत? पोत्यावर बसवून?"

"चुकलं माझं, भाऊ. गाडी वळवतात हे माझ्या ध्यानात—"

"चुकलं म्हनून भागते काय?" आवाज चढलेला नव्हता. "बस व मांगं," ते मुलीला म्हणाले, आणि गेले.

बाकीच्या दोघींच्या घरच्यांनी ते हसण्यावारी नेलं. पल्लवी दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशी नाही. रिठदची गाडी यायची, मुलं आत शिरायची, मॅडम दाराकडे बघायच्या, आणि मुलं बसून झाल्यावरही तिकडेच बघत राहायच्या. हजेरीत तिचं नाव आलं की कुणीतरी मुलगी हळूच म्हणायची, "नाही आली मॅडम." मॅडमना ते दिसत होतंच. तरी नाव घ्यायच्या.

मग एका रविवारी आम्ही माझ्या स्कूटरवर रिठदला गेलो. वडिलांनी खाट टाकली, चहा मागवला. रागाचा लवलेश नव्हता, त्यामुळे बोलणं जास्तच अवघड झालं.

"तुमचा राग नाही मले मॅडम. पन लोकं काय बोलून राह्यले थे तुमाले ऐकू येत नाही, मले येते. लेखी परीक्षेले मी सोता आनतो तिले. बाकी कायले पायजे?"

मॅडमनी तोंडी परीक्षेचं सांगितलं. ती नाही दिली तर सगळी वर्षं वाया. त्यांनी ऐकून घेतलं. "पाहू," म्हणाले.

पल्लवी पाण्याचा तांब्या घेऊन आली तेव्हा तिनं वडिलांदेखतच विचारलं, "तोंडी कवा हाय मॅडम?" मॅडमनी दिवस सांगितला. परत येताना स्कूटरवर मॅडम मागून म्हणाल्या, "पाहू म्हणाले. नाही म्हणाले नाहीत." थोड्या वेळानं पुन्हा, "हो पण म्हणाले नाहीत ना." तालुक्यापर्यंत हेच चाललं होतं.

तोंडीच्या दिवशी परीक्षक सकाळीच आले. शांत, चष्मेवाले, लवकर आटपून अकोल्याची गाडी धरण्याच्या बेतात. मुलं एकेक करून आत जाऊन येत होती. यादी संपत आली आणि पल्लवीचा पत्ता नव्हता. मॅडम माझ्याकडे आल्या.

"सर, त्यांना वाचनालय दाखवा."

"आता?"

"आता. जुनी पुस्तकं दाखवा. वेळ लागेल अशी."

मी परीक्षकांना आमची सगळी जुनी पुस्तकं दाखवली. बांधणी दाखवली, वाळवी कशी आवरली ते सांगितलं. आयुष्यात इतकं बोललो नाही. ते सभ्यपणे ऐकत होते आणि घड्याळ बघत होते. मॅडमनी चहा पाठवला, मग पोहे पाठवले, मग पुन्हा चहा. खिडकीतून मला त्या फाटकाशी दिसत होत्या. फाटकातून बाहेर जायच्या, रस्ता बघायच्या, आत यायच्या. शेवटी परीक्षकांनी पिशवी उचलली आणि म्हणाले, "छान ठेवलंय हो तुम्ही. निघतो आता."

मोटारसायकलचा आवाज आला तो तेव्हा.

पल्लवी धावत आली. वडील मागून सावकाश आले आणि व्हरांड्यात खांबाशी थांबले. परीक्षक पुन्हा बसले. दार उघडंच होतं. मॅडम आत गेल्या नाहीत. वाचनालयाच्या उंबऱ्यावर माझ्याशेजारी उभ्या राहिल्या.

परीक्षकांनी तक्ते चाळले. "दोन्ही बाजारांत तूच भाव विचारलेस?"

"हो सर."

"त्याच भाज्या. त्याच दिवसांत. मग इतका फरक? एका ठिकाणी तर शून्यच. चूक आहे का ही?"

मॅडमनी माझी बाही धरली. त्यांना ते कळलं नसावं.

"चूक नाही सर," पल्लवी म्हणाली. आधी पुस्तकी बोलायचा प्रयत्न करत होती, मग तो सोडला. "रिठदले मले कोनी भाव सांगतच नाही. पह्यले इचारतात, कोनाची व तू. बाबाचं नाव सांगतलं का मंग पिशवी भरतात. थो भाव माहा नाही सर, थो माह्या बाबाचा हाय. केनवडले कोनी इचारलंच नाही. तथी मी कोनाचीच नोती. तं मले खरा भाव भेटला."

परीक्षकांनी तक्ते बाजूला ठेवले. मग म्हणाले, "आणि परत कशी आलीस? गाडी होती का?"

हा प्रश्न कुठून आला देव जाणे. सहज विचारला असेल. मॅडमनी डोळे मिटले.

"नोती सर. जिच्यापाशी भाव इचारला ना, त्याच मावशीनं आनलं. भाव कमी नाही केला तिनं एक रुपयाही. पन अंधार पडाच्या आत घरी पोचोलं."

खांबाशी उभे असलेले वडील जमिनीकडे बघत होते.

परीक्षकांनी सही केली आणि ते घाईघाईनं स्टँडकडे गेले. पल्लवी बाहेर आली. मॅडमनी तिला फक्त, "खाल्लं का काही?" एवढंच विचारलं आणि पोह्यांची उरलेली बशी तिच्या हातात दिली.

जूनमध्ये पल्लवी वाचनालयाची पुस्तकं परत करायला आली होती. वाशीमला एमएला नाव घातलं म्हणाली. मॅडमचं तिला कळलेलं होतं. तिनं पुस्तकं टेबलावर ठेवली, आणि बराच वेळ ती समोरच्या बंद वर्गाच्या दाराकडे बघत उभी होती.

मी मॅडमना शेवटचं पाहिलं ते तोंडीच्याच दिवशी. त्यानंतर माझी परीक्षेची ड्युटी दुसऱ्या केंद्रावर लागली, आणि मग सुट्टी लागली. मी वाचनालयाच्या खिडक्या लावत होतो. बापलेक मोटारसायकलवर बसून फाटकाकडे निघाले होते आणि मॅडम स्टाफरूममधून जवळजवळ पळत बाहेर आल्या. एका हातात पर्स, दुसऱ्या हातानं निऱ्या धरलेल्या. "अहो भाऊ, थांबा! एक मिनिट थांबा!" गाडी फाटकात थांबली. मॅडमनी हँडलवर हात ठेवला आणि बोलू लागल्या. काय ते मला इतक्या दुरून ऐकू येत नव्हतं. इंजिन चालूच होतं, त्यामुळे त्यांना वाकून, मोठ्यानं बोलावं लागत होतं, आणि त्या वाशीमच्या दिशेला पुन्हा पुन्हा हात करत होत्या. वडील पुढं रस्त्याकडे बघत होते. मला वाटलं, आता निघतील. मग त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं. पल्लवी मागून उतरली. तेही उतरले, आणि त्यांनी गाडी तिथंच बाजूला उभी केली.